न गावलेले पान

१

राजारामपुरीत पत्ता सांगणे सोपे आहे. जुन्या कोल्हापुरातल्या पेठांत घर सांगायचे म्हणजे तालीम, तिकटी, देऊळ, कोणाचा तरी वाडा अशा खुणांची माळ ओवावी लागते. राजारामपुरीत गल्लीचा क्रमांक आणि त्या गल्लीतले कितवे घर एवढे सांगितले की नवखा माणूसही दारात येऊन उभा राहतो. पत्त्याचे हे दोन भाग, आधी गल्ली आणि मग गल्लीतले घर, वाचकांनी लक्षात ठेवावेत. या लेखाचा बराचसा भार त्यांच्यावरच आहे.

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक तरुण अभियंता भाड्याने राहतो. ओतकामाच्या कारखान्यांसाठी मापनयंत्रे बनवणाऱ्या एका लहानशा उद्योगात तो काम करतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेलेली असताना तो खाली आला आणि म्हणाला, "सर, मोठी सतरंजी असंल तर द्या की. कागद पसरायचे हाईत."

"एवढ्या रात्री?"

"आठ दिवस झालं. पान गावंना."

'गावणे' हे क्रियापद पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगायला हवे. आमच्याकडे वस्तू 'सापडत' नाही, 'गावत' नाही. एम. ए.च्या वर्गाला पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाला पान न गावण्याचे दुःख नवे नाही. त्यामुळे याचीही कुठली पोथी हरवली असावी असे मला क्षणभर वाटले. प्रत्यक्षात हरवले होते ते संगणकाच्या स्मृतीतले पान. त्याने लिनक्स या प्रणालीसाठी एका मापनकार्डाचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, लिहिला होता. तो चालक बसवलेला संगणक अधूनमधून अचानक थांबे आणि थांबताना एक संदेश सोडून जाई. त्याचा मराठीत भावार्थ असा : 'अमुक पत्त्यावरील पानाची कर्नलने केलेली मागणी पूर्ण करता येत नाही.'

त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात त्याने आमच्या दिवाणखान्यात चाळीसएक कागद पसरले आणि ते एकमेकांशी ताडून पाहू लागला. ते दृश्य मला फार ओळखीचे वाटले. हा लेख त्या ओळखीतून लिहिला आहे. यंत्राच्या स्मृतीत 'पान' आले कुठून, ते न सापडणे म्हणजे नेमके काय, आणि अशी चूक शोधण्याची जी रीत गेल्या काही दशकांत घडत गेली तिचे आपल्या विद्येशी नाते काय, एवढेच येथे पाहायचे आहे.

२

आरंभीच्या संगणकांना पाने नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' हा आपल्याकडचा आद्य संगणक घ्या. त्याच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत. येथे 'शब्द' म्हणजे चाळीस द्विमान अंकांचा एक गट. जे काही करायचे ते एवढ्या जागेत करायचे. त्याहून मोठे काम असेल तर ते तोडून तुकड्यातुकड्याने चालवण्याची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्याची असे. जगभर हीच स्थिती होती. वेगवान स्मृती महाग आणि लहान, तर फिरत्या चुंबकीय पिंपासारखी मंद स्मृती स्वस्त आणि मोठी. या दोहोंमध्ये मजकूर ने-आण करण्यातच लिहिणाऱ्याची निम्मी शक्ती खर्च होई.

या हमालीतून सुटका करण्याचा विचार बर्लिनमध्ये फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युंट्श यांनी १९५० च्या दशकात आपल्या प्रबंधात मांडला होता. त्याला प्रत्यक्ष रूप आले ते इंग्लंडातल्या मँचेस्टर विद्यापीठात. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरांटी कंपनीच्या साहाय्याने उभारलेला 'ॲटलस' हा संगणक ७ डिसेंबर १९६२ रोजी सुरू झाला. त्याची वेगवान स्मृती १६,३८४ शब्दांची होती आणि तिला जोडलेल्या पिंपांवर सुमारे ९८,००० शब्द मावत. किलबर्न यांनी या सर्व मजकुराचे ५१२ शब्दांचे सारखे तुकडे पाडले आणि अशा प्रत्येक तुकड्याला 'पान' म्हटले. वेगवान स्मृतीत एका वेळी अशी ३२ पाने मावत. लिहिणाऱ्याने समजायचे की आपल्यापुढे एकच सलग, विस्तीर्ण स्मृती पसरली आहे. त्यातले कोणते पान या क्षणी वेगवान स्मृतीत आहे आणि कोणते पिंपावर, याची चिंता यंत्राने वाहायची. हवे असलेले पान जागेवर नसेल तर काम थांबवायचे, पिंपावरून ते आणायचे, त्यासाठी दुसरे एखादे बिनकामाचे पान बाहेर पाठवायचे आणि काम पुढे चालू करायचे. लिहिणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

येथे आमच्या गल्ल्या कामाला येतात. समजा, नगरपालिकेने गल्ल्यांची घरे वाटेल तिथे हलवली, परंतु लोकांनी मात्र जुनाच पत्ता सांगायचा असे ठरले. टपालवाल्याजवळ एक वही आहे. 'सातवी गल्ली आता प्रत्यक्षात कुठे आहे' एवढेच त्या वहीत लिहिले आहे. गल्लीतले तिसरे घर हलवल्यावरही तिसरेच राहते, त्यामुळे त्याची वेगळी नोंद लागत नाही. संगणकातला पत्ता असाच दोन भागांचा असतो : पानाचा क्रमांक आणि पानातले स्थान. आज लिनक्सच्या सर्वांत रूढ मांडणीत एका पानावर ४,०९६ बाइट असतात. पानाचा क्रमांक वहीत पाहून बदलायचा, पानातले स्थान तसेच ठेवायचे. पत्ता आभासी, वस्ती खरी, आणि दोहोंमध्ये वही.

'पान' हा शब्द इंग्रजीतून आला असला तरी या गोष्टीला मराठीतला शब्द अधिक नेमका बसतो असे माझे मत आहे. छापील, बांधलेल्या पुस्तकाचे पान हलत नाही. त्याचा क्रम शिवणीने बांधलेला असतो. पोथीचे पान सुटे असते. पाने शेजारी असतील याची शाश्वती नसते. त्यांचा क्रम राहतो तो समासात लिहिलेल्या पत्रांकावर. पोथी विस्कटली तरी पत्रांक शाबूत असतील तर ग्रंथ शाबूत असतो, आणि पत्रांक चुकले तर सर्व पाने हाताशी असूनही ग्रंथ हरवतो. स्मृतीचे पान हे असे पोथीचे पान आहे.

३

लिनक्सची कथा १९९१ सालची. हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आपण एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. इंटेलच्या ३८६ या प्रक्रियकावर ती चालत असे. पानांची वही राखण्याची सोय त्या प्रक्रियकात मुळातच होती. आरंभी लिनक्समध्ये पान तबकडीवर पाठवण्याची क्रिया मात्र नव्हती. जर्मनीतल्या एका वापरकर्त्याच्या संगणकात अवघी दोन मेगाबाइट स्मृती होती आणि तेवढ्यात त्याचे काम भागेना. त्याच्या तक्रारीवरून टोरवाल्ड्स यांनी त्या नाताळच्या सुमारास ही सोय लिहून काढली, अशी हकीकत त्यांनी आपल्या आत्मकथनात सांगितली आहे. म्हणजे लिनक्समधल्या पानांच्या ने-आणीचा उगम एका गरजू माणसाच्या अडचणीत आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पान जागेवर नसणे हा स्वतः दोष नाही. ॲटलसच्या काळापासून ती रोजची घटना आहे. पान नसेल तर आणले जाते, एवढेच. इंग्रजीत तिला 'फॉल्ट' म्हणतात, म्हणून ऐकणाऱ्याला तो अपराध वाटतो. खरी आपत्ती वेगळी. जो पत्ता मागितला त्याची वहीत नोंदच नाही, आणि मागणारा कोणी सामान्य कार्यक्रम नसून स्वतः कर्नल आहे, अशी वेळ आली की यंत्राचा नाइलाज होतो. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा, वही राखणारा. सामान्य कार्यक्रमाने भलताच पत्ता मागितला तर कर्नल त्याला बंद करून टाकतो. वही राखणाराच चुकला तर त्याला कोण थांबवणार? अशा वेळी तो जो संदेश सोडतो त्याला लिनक्सच्या जगात 'ऊप्स' असे खेळकर नाव आहे.

चालक हा या गाभ्यातच राहतो. छापयंत्र, कॅमेरा, मापनकार्ड अशा प्रत्येक उपकरणाशी बोलण्यासाठी एक चालक लागतो, आणि त्याला कर्नलचे सर्व अधिकार मिळतात. त्याने दुसऱ्याच्या पानावर लिहिले तर अडवणारे कोणी नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ साली लिनक्सच्या लेखनाची छाननी केली, तेव्हा चालकांतील चुकांचे प्रमाण उरलेल्या गाभ्याच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत आढळले. त्यात आश्चर्य नाही. गाभ्याचे वाचक हजारो असतात, एखाद्या अपरिचित उपकरणाच्या चालकाचा वाचक बहुधा त्याचा लेखकच.

आणि ज्या देशाला, ज्या गावाला स्वतःची उपकरणे करायची असतात त्याला स्वतःचे चालकही लिहावे लागतात. बाजारातले उपकरण येताना आपला चालक घेऊन येते, घरी घडवलेले येत नाही. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिथल्या 'परम' मालिकेतल्या २००८ च्या 'परम युवा' या महासंगणकाचे अनेक संगणक एकमेकांना जोडण्यासाठी 'परमनेट-३' हे जाळे संस्थेनेच घडवले होते. जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळ प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिथे २०१० च्या सुमारास अँटेनांचे संकेत लिनक्स संगणकांच्या समूहात घेऊन, त्यांवर आज्ञावलीच्या बळावर तत्क्षणी प्रक्रिया करणारी व्यवस्था उभी राहिली. आकाशातून आलेला संकेत 'पुन्हा एकदा' म्हणून मागता येत नाही. तो स्मृतीतल्या पानावर नीट उतरला तर उतरला. आमच्या भाडेकऱ्याचे कार्ड या थोरांच्या पंगतीतले नव्हे, पण जात तीच. शिरोलीच्या भट्टीतल्या लोखंडाचे तापमान मोजून ते थेट संगणकाच्या स्मृतीत लिहायचे, हे त्याचे काम.

'थेट' या शब्दावर थांबायला हवे. एकेक आकडा प्रक्रियकाच्या हातून स्मृतीत गेला तर वेळ फार लागतो. म्हणून चालक स्मृतीतली काही जागा राखून ठेवतो, तिचा खरा पत्ता कार्डाला सांगतो, आणि कार्ड परस्पर तिथे लिहू लागते. म्हणजे वही आणि टपालवाला दोघेही बाजूला राहतात. एखाद्या पानावर 'केवळ वाचनासाठी' असा शिक्का असला तरी कार्डाला तो दिसत नाही. साध्या संगणकांत कार्डावर कोणाचा पहारा नसतो. पहारा ठेवणारी यंत्रणा पुढे आली, ती या जुन्या संगणकात नव्हती.

४

ऊप्सचा संदेश वाचणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. संदेशात कोणता पत्ता सापडला नाही ते असते, त्या क्षणी कोणता कार्यक्रम चालू होता त्याचे नाव असते, प्रणालीची आवृत्ती असते, आणि कोणी कोणाला बोलावले, त्याने पुढे कोणाला, अशी उलट्या क्रमाने लावलेली परंपरा असते. पोथीच्या अखेरीस जी पुष्पिका असते तिची आठवण झाल्यावाचून राहत नाही. लेखकाचे नाव, गाव, शक, तिथी, कोणासाठी लिहिली आणि कशावरून उतरली, सारे तिथे सापडते. आपले लेखनिक त्याच जागी वाचकाला विनवत असत की मी जसे पाहिले तसे लिहिले, शुद्धाशुद्धाचा दोष मला देऊ नये. ऊप्सच्या संदेशात ज्या कार्यक्रमाचे नाव येते त्याचीही कैफियत बहुधा हीच असते. तो फक्त त्या पानापाशी पोहोचला होता, पान बिघडवले दुसऱ्याच कोणी.

संदेशात आणखी एक शेरा असतो. कर्नलच्या अधिकृत लेखनात नसलेला, बाहेरून आणलेला चालक बसवला की कर्नल स्वतःवर एक खूण करून ठेवतो. तिच्या इंग्रजी नावाचा सरळ अर्थ 'बाटलेला' असा होतो. शाहू महाराजांच्या गावात राहणाऱ्या माणसाच्या लेखणीतून हा शब्द सहज उतरत नाही, म्हणून मी 'परकी भर पडलेला' असे म्हणतो. हेतू मात्र समजण्यासारखा आहे. या प्रतीत मुळाबाहेरचे काही मिसळले आहे, वाचताना ते ध्यानात ठेवा, असे संपादकाने आधीच सांगून टाकावे, तसा तो शेरा आहे.

चूक शोधण्याची साधने हळूहळू घडत गेली. सर्वांत जुने साधन म्हणजे वाटेत ठिकठिकाणी नोंदी लिहीत जाणे. दुसरे अधिक कल्पक आहे. कर्नलला सांगता येते की वापरून परत आलेली जागा मोकळी ठेवू नकोस, तिच्यात एक ठरावीक खूण भरून टाक. ही खूण म्हणजे १०७ हा अंक. रोमन लिपीच्या संगणकीय क्रमात या अंकावर 'के' हे अक्षर येते. त्यामुळे परत केलेल्या जागेचा मजकूर छापला तर ओळीच्या ओळी के, के, के अशा भरलेल्या दिसतात. त्या रांगेत भलतेच अक्षर दिसले तर समजावे की जागा सोडल्यावरही तिच्यावर कोणीतरी लिहिले आहे. या भरणीला तिथल्या परिभाषेत 'विष' म्हणतात. आपल्या खेड्यांत साप चावल्यावर सापाचे नाव न घेता 'पान लागले' म्हणतात, ते मला इथे आठवले.

तिसरी युक्ती अशी की परत आलेले पान वहीतूनच काढून टाकायचे. मग त्या पानाला प्रक्रियकाकडून कोणीही स्पर्श केला की त्याच क्षणी ऊप्स होतो आणि गुन्हेगार जागेवर सापडतो. २०१५ साली लिनक्सच्या ४.० या आवृत्तीत 'केसॅन' नावाची व्यवस्था आली. ती प्रत्येक वाचनलेखनाच्या आधी, ही जागा खरोखर तुझी आहे का, असे विचारते. काम मंदावते, पण चूक झाल्याजागीच पकडली जाते. मात्र हे सारे पहारेकरी प्रक्रियकाच्या दारात उभे असतात. कार्ड परस्पर लिहिते तेव्हा त्यांना पत्ता लागत नाही. ती चूक पकडायला शेवटी वाचणारा माणूस लागतो.

५

पुन्हा आमच्या सतरंजीवर येऊ. चाळीस कागदांपैकी प्रत्येकावर अपराधी वेगळा होता. कधी घड्याळ लावणारा कार्यक्रम, कधी जाळ्याशी बोलणारा, कधी नोंदी लिहिणारा. त्याच्या कार्यालयात आठ दिवसांत दोन उपाय झाले होते. ज्या कार्यक्रमाचे नाव सर्वांत जास्त वेळा आले तो काढून टाकून दुसरा बसवला. तरीही संगणक थांबत राहिला. मग कोणीतरी सुचवले की थांबण्याचेच कारण नाही. भलता पत्ता आला की तो गिळून पुढे जायचे, अशी पट्टी लावून टाका. तशी पट्टी लावली. संगणक थांबायचा बंद झाला आणि सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला.

याच्या मनाचे मात्र समाधान होईना. तिसऱ्या दिवशी भट्टीच्या नोंदवहीत एका ओळीत असे आकडे निघाले की त्या तापमानाला लोखंड वितळलेलेच राहिले नसते. ओतकाम तर नीट झाले होते. म्हणजे भट्टी खरी होती, नोंद खोटी होती. कारखाना त्या नोंदीवर माल पास करतो. थांबणारे यंत्र निदान ओरडून सांगत होते की काही बिघडले आहे. आता तेही मुके झाले होते. त्याने ती पट्टी आपल्या जबाबदारीवर काढली आणि वरिष्ठांचा रोष ओढवून घेतला. सोमवारपर्यंत कारण दाखवले नाही तर चालकाचे काम दुसऱ्याकडे जाणार होते.

त्या रात्री तो एकेक कागद उचलून फक्त न सापडलेला पत्ता मोठ्याने वाचत होता आणि मी तो लिहून घेत होतो. संगणकाचे पत्ते सोळा अंकांच्या मोजणीत लिहितात, नऊनंतर ए, बी, सी अशी अक्षरे येतात. वीसएक पत्ते झाल्यावर मला अर्थ न कळताही एक गोष्ट दिसली. "अरे, हे सगळे दोन सारखे तुकडे वाटताहेत. शून्य पाच आठ सी, शून्य पाच आठ बी. पुन्हा शून्य पाच आठ डी, शून्य पाच आठ सी." तो काही क्षण माझ्याकडे पाहत राहिला. मग मोबाइलवर त्याने आकडा बदलून पाहिला. शून्य पाच आठ सी म्हणजे आपल्या मोजणीत १,४२०. शेजारचा १,४१९.

"सर, ह्यो पत्ता न्हाईच. हे तापमान हाय."

वितळलेले लोखंड साच्यात ओततात तेव्हा तापमान साधारण एवढेच असते. न सापडलेला पत्ता हा मुळात पत्ता नव्हताच. कोणत्यातरी निरपराध कार्यक्रमाच्या जागेत, जिथे दुसऱ्या पानाचा पत्ता लिहिलेला असायला हवा होता, तिथे भट्टीची दोन मोजमापे येऊन बसली होती. बत्तीस अंकी जुन्या संगणकात सोळा-सोळा अंकांची दोन मापे शेजारी बसली की नेमका एक पत्ता भरतो. तो कार्यक्रम ते आकडे पत्ता समजून पान शोधायला जाई, आणि ते पान जगात कुठेच नसे.

पुढचे सारे पहाटेपर्यंत उलगडले. मापन संपल्यावर त्याचा चालक कार्डाला थांबण्याची आज्ञा देई आणि लगेच राखीव जागा कर्नलला परत करी. आज्ञा पोहोचून कार्ड प्रत्यक्ष थांबायला मात्र अत्यल्प वेळ लागे. तेवढ्यात ती जागा दुसऱ्या कोणाला मिळालेली असे, आणि कार्ड आपली शेवटची काही मापे जुन्या पत्त्यावर टाकून मोकळे होई. घर सोडून गेलेल्या भाडेकऱ्याची पत्रे नव्या बिऱ्हाडात पडत राहावीत, तसेच. वीज आल्यावर त्याने 'विष' भरण्याची सोय चालू करून पाहिले. 'के'च्या रांगांत शेवटी तापमानाचे काही आकडे स्वच्छ उमटले होते. दुरुस्ती दोन ओळींच्या क्रमाची निघाली : कार्ड थांबल्याची पोच येईपर्यंत वाट पाहायची आणि मगच जागा सोडायची.

६

वर्गात मी विष्णु सीताराम सुखठणकरांविषयी दरवर्षी शिकवतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले. ते पूर्ण व्हायला १९६६ साल उजाडले. १९२५ पासून १९४३ साली मृत्यू येईपर्यंत सुखठणकर त्याचे प्रधान संपादक होते. ते केंब्रिजला गणित शिकले आणि नंतर बर्लिनला भारतविद्येकडे वळले, ही माहिती मी आजवर चरित्रातला एक तपशील म्हणून सांगत आलो. आता तिचा अर्थ मला वेगळा लागतो. बाराशेहून अधिक हस्तलिखितांच्या या प्रकल्पात, कोणती प्रत सुंदर वा प्राचीन आहे एवढ्यावर भागत नव्हते. पाठभेद तक्त्यांत समोरासमोर मांडायचे आणि चुकांचे साम्य पाहायचे, अशी ती रीत होती. दोन प्रतींत एकच विचित्र चूक असेल तर त्या दोहोंच्या मागे एक प्रत असते. चूक लाजेची गोष्ट न राहता पुरावा होते.

संपादनशास्त्राचा दुसरा नियमही त्या रात्री सतरंजीवर सिद्ध झाला. दोन पाठांपैकी अवघड पाठाला सहसा अधिक मान द्यावा, असे आपण शिकवतो. कारण नंतरचा लेखनिक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करत नाही. भलता पत्ता गिळून पुढे जाणारी ती पट्टी म्हणजे असाच एक सुबोध पाठ होता. अडखळणे संपले, पण मुळाकडे जाणारी वाटही बुजली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा पुढे कोणी आपली ओवी तिच्यात घालू नये अशी तंबी देऊन ठेवली. पानावर उमटवलेला तो 'केवळ वाचनासाठी'चा शिक्काच होता. परंतु शिक्का न पाहता थेट लिहिणारे हात प्रत्येक काळात असतात, आणि त्यांनी घातलेली भर ओळखायची ती तिच्या बोलीवरून. लोखंडाच्या भट्टीची बोली घड्याळाच्या पानात सापडली, म्हणूनच परकी भर उघड झाली.

या साम्यात फरकही आहे, आणि तो लपवणे बरे नव्हे. अभियंत्याला आपला तर्क पडताळून पाहता येतो. दुरुस्ती केली, यंत्र महिनाभर चालले, की निर्णय लागला. सुखठणकरांना तसे काहीच उपलब्ध नव्हते. व्यासांच्या हातची प्रत कुठे नव्हती, आणि आपल्यालाही ती मिळणार नाही. म्हणून आपल्या विद्येत संयम अधिक लागतो आणि आपली दुरुस्ती नेहमी सूचनेच्या स्वरातच राहते. उलट यंत्राच्या जगात पुरावा फार लवकर पुसला जातो. संगणक पुन्हा सुरू केला की सारी पाने कोरी. कसर लागलेली पोथीसुद्धा त्या मानाने दीर्घायुषी म्हणायची.

तरीही आमच्या विद्यार्थ्यांना या गोष्टीतून एक सांगावेसे वाटते. मराठीचे एम. ए. करून काय उपयोग, असे त्यांना घरी आणि दारी विचारले जाते, आणि त्यांच्याजवळ सहसा उत्तर नसते. मलाही त्या रात्री कर्नल कळला नव्हता. आजही फारसा कळत नाही. चाळीस प्रती समोर ठेवून त्यांतली सारखी चूक पाहणे, एवढेच मला येत होते. चूक जिथे दिसते तिथे ती झालेली असतेच असे नाही, आणि जिथे नाव सापडते तिथे अपराधी सापडतोच असे नाही, हे आम्ही पोथ्यांवरून शिकलो. वाङ्मयाचा इतिहास लिहिताना मात्र तेच विसरून, ज्याच्या प्रतीत दोष सापडला त्या लेखनिकाला, ज्या कालखंडात पडझड दिसली त्या कालखंडाला आपण सरसकट दोष देतो. कोणीतरी आधीच जागा सोडून गेलेला असतो आणि त्याचे शेवटचे आकडे दुसऱ्याच्या पानावर पडलेले असतात, ही शक्यता आपल्या इतिहासग्रंथांत फारशी तपासलेली दिसत नाही.

सोमवारी तो कामावर गेला तेव्हा चालक त्याच्याकडेच राहिला. सतरंजी त्याने झटकून, घडी घालून परत दिली. तिच्या घडीत एक कागद राहून गेला होता. त्यावरचा पत्ता आता मलाही वाचता येतो : १,४२०, १,४१९. यंदा पाठचिकित्सेच्या पहिल्या तासाला तो कागद मी वर्गात घेऊन जाणार आहे आणि फळ्यावर लिहून विचारणार आहे की हे पान कुठे गावेल.